सरोवराच्या पोटातील डोंगर



काही वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका पहाटे मी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिल लॅक्स या विशाल सरोवरावर एका लहानशा होडीत बसलो होतो. सारे आयुष्य इंदुरात काढलेल्या आणि मासेमारीचा अनुभव म्हणजे लहानपणी नर्मदेच्या काठी बसून गळ टाकणारांकडे पाहत राहणे एवढाच असलेल्या माझ्यासारख्याचे तेथे काय काम, असे आपण विचाराल. माझा भाचा नोकरीनिमित्त मिनिआपोलिस येथे असतो. त्याला या छंदाने पुरते झपाटले आहे आणि पाहुण्याने त्याच्या छंदाचे कौतुक करावयाचे असते, हा नियम सर्व देशांत सारखाच आहे!

आमच्याबरोबर त्या सरोवरावरच केस पिकलेले एक वृद्ध वाटाडे होते. किनारा सोडल्यावर होडी कितीतरी वेळ सरळ चालली होती. मागचे झाडांचे काठ धूसर झाले आणि चहूकडे पाण्यावाचून काही दिसेना. तेव्हा एका ठिकाणी त्यांनी यंत्र बंद केले आणि गळ काढले. त्या ठिकाणी खूण म्हणावी असे काहीही नव्हते. जसे मागचे पाणी, तसेच पुढचे. मी भाच्याला विचारले, “अरे, येथेच का?” तो हसून म्हणाला, “मामा, आपल्या खाली डोंगर आहे.”

त्या एका वाक्याचा उलगडा करणे हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उन्हाळ्याच्या आरंभी वॉलआय नावाचा मासा उथळ काठ सोडून सरोवराच्या खोल भागातील उंचवट्यांकडे का जातो, तो तेथे कसा सापडतो, आणि सापडल्यावर कोणता विचार करावा लागतो, हे आपण क्रमाने पाहू या.

प्रथम या माशाची ओळख करून घेऊ. वॉलआय हा पर्च कुळातील, गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. कॅनडाचा बराच मोठा भाग आणि अमेरिकेचा उत्तर भाग ही त्याची मूळ भूमी होय. कॅनडात पुष्कळ ठिकाणी त्यालाच पिकरल म्हणतात. मिल लॅक्सच्या काठी राहत असलेले ओजिब्वे लोक त्याला ‘ओगा’ म्हणतात. अंगाचा वर्ण हिरवट सोनेरी, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, जबड्यात तीक्ष्ण दात. सामान्यतः गळाला लागतो तो दोन-तीन पौंडांचा. त्याचे मांस पांढरे, घट्ट आणि सौम्य चवीचे असते. त्यामुळे तो त्या प्रदेशातील ताटाचा मानकरी आहे. मिनेसोटाने १९६५ साली त्याला आपला राज्यमत्स्य ठरविले.

परंतु या माशाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या डोळ्यांत आहे. ते मोठे, धुरकट आणि काचेच्या गोटीसारखे निस्तेज दिसतात, आणि त्यावरूनच त्याला वॉलआय हे नाव पडले. या निस्तेजपणात मोठे सामर्थ्य दडलेले आहे. रात्री दिव्याच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात ते डोळ्याच्या मागील परावर्तक पटलामुळे. तसेच पटल वॉलआयच्या डोळ्यांत असते. त्यामुळे अंधूक उजेडातही त्याला स्पष्ट दिसते. तो ज्या पिवळ्या पर्च माशांना खातो त्यांना मात्र संधिप्रकाशात नीट दिसत नाही. म्हणून सांजसकाळ ही याच्या शिकारीची वेळ. याउलट, भर दुपारचे स्वच्छ ऊन त्याला नकोसे होते. वॉलआयचे सारे वर्तन समजून घ्यावयाचे तर प्रकाश आणि उष्णता या दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात.

आता त्याचे वर्ष पाहू. हिवाळ्यात ही सरोवरे गोठून जातात. एप्रिलच्या सुमारास बर्फ फुटते, पाणी सहा ते दहा अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि वॉलआय रात्रीच्या वेळी काठालगतच्या उथळ, खडकाळ पाण्यात अथवा सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांत अंडी घालतात. घरटे नाही, राखण नाही. अंडी दगडगोट्यांच्या फटींत पडतात आणि पुढचे सारे दैवावर सोपविलेले असते. मे महिन्याच्या मध्यास एका शनिवारी मासेमारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी मिनेसोटातील लक्षावधी लोक पाण्यावर असतात. आपल्याकडे एखाद्या जत्रेचा दिवस असावा तसा तो दिवस! त्या सुमारास मासे अजून काठाजवळच असल्याने नवशिक्यालाही थोडेफार यश मिळते.

मग जून येतो आणि नवशिक्याची निराशा सुरू होते. ज्या ठिकाणी पंधरा दिवसांपूर्वी मासे मिळाले होते तेथे आता गळ हलत नाही. “मासे संपले” असे तो म्हणतो. वस्तुतः मासे संपलेले नसतात. त्यांनी मुक्काम हलविलेला असतो. काही वॉलआय पाणवनस्पतींच्या दाटीत सावली शोधून काठाजवळच राहतात हे खरे. तथापि अनेक सरोवरांत त्यांचा मोठा समुदाय खोल पाण्याकडे निघतो. या स्थलांतराची कारणे तीन: उष्णता, प्रकाश आणि अन्न.

उष्णतेचा विचार करताना पाण्याचा एक गुणधर्म आठवला पाहिजे. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे चार अंश सेल्सिअसला. बर्फ वितळल्यावर वसंतात काही काळ सबंध सरोवराचे तापमान जवळजवळ सारखे असते आणि वारा ते वरपासून तळापर्यंत घुसळू शकतो. पुढे ऊन वाढले की वरचे पाणी तापून हलके होते आणि जड, थंड पाण्यावर साईसारखे पसरून राहते. खोल सरोवरात उन्हाळ्याच्या आरंभी असे तीन थर तयार होतात: वरचा उबदार थर, तळाचा थंड थर, आणि या दोहोंच्या मध्ये जेथे तापमान झपाट्याने उतरते असा एक पातळ थर. आपल्याकडील खोल तळ्यात उन्हाळ्यात बुडी मारणाऱ्याला हा अनुभव असतो; छातीशी पाणी कोमट आणि पायाशी एकाएकी गार! मधला थर हा जणू पडदाच असतो. त्याच्याखाली वरची हवा पोहोचत नाही, त्यामुळे अनेक सरोवरांत उन्हाळा पुढे सरकतो तसतसा तळाच्या पाण्यातील प्राणवायू आटत जातो. म्हणून “खोल” याचा अर्थ “जितके खोल तितके चांगले” असा मुळीच नाही. वॉलआयला सुमारे वीस अंशांच्या आसपासचे, प्राणवायूने युक्त आणि मंद उजेडाचे पाणी मानवते. असे पाणी ज्या खोलीवर असते, त्याच खोलीवर जर सरोवराची भूमी वर उठून आली असेल, तर ती जागा त्याच्या वस्तीला योग्य ठरते.

मिल लॅक्सची गोष्ट थोडी निराळी आहे. हे सरोवर २०० चौरस मैलांहून अधिक विस्ताराचे असले तरी त्याची अधिकात अधिक खोली सुमारे ४२ फूटच आहे. एवढ्या उघड्या, उथळ विस्तारावरून वारा वाहू लागला की पाणी तळापर्यंत ढवळले जाते. त्यामुळे तेथे हे थर फार काळ टिकत नाहीत. तेथे माशाला मध्यावर ओढून नेणारी शक्ती मुख्यतः अन्नाची, आणि तिला साथ प्रकाशाची.

हे अन्न कोणते, ते सांगण्यापूर्वी सरोवराच्या तळाकडे वळले पाहिजे. ही सरोवरे हिमयुगाची निर्मिती आहेत. प्रचंड हिमनद्यांनी भूमी खरवडली, दगड, वाळू आणि चिकणमाती वाहून आणली आणि वितळताना ती जेथल्या तेथे टाकली. मिल लॅक्स तर अशाच एका हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या बांधामागे साठलेले पाणी आहे. म्हणून वरून आरशासारख्या सपाट दिसणाऱ्या या सरोवरांच्या तळाशी भूगोलाच्या पुस्तकातील सारी रूपे आढळतात. कोठे काठावरचे भूशिर पाण्याखाली दूरवर शिरलेले असते. कोठे दगडगोट्यांचा लांबट दांडा असतो. कोठे चारही बाजूंनी खोल पाणी आणि मध्येच एकटा उंचवटा. मिल लॅक्समध्ये गोट्यांचे दांडे आहेत, आणि मध्यापासून उत्तरेकडे गाळाची विस्तीर्ण पठारे आहेत. भोवतालचा तळ तीस-पस्तीस फुटांवर, आणि पठाराचा माथा वीस-पंचवीस फुटांवर. म्हणजे फरक अवघा दहा फुटांचा! माझ्या भाच्याचा डोंगर तो हाच. आपल्या मापाने पाहिले तर ती टेकडीदेखील नव्हे. पण माशाच्या दृष्टीने तेवढ्या उंचीने सारे जग बदलते.

या गाळातच जूनमधील मेजवानी दडलेली असते. मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिले गाळात बिळे करून एक-दोन वर्षे राहतात. उन्हाळ्याच्या आरंभी पाणी पुरेसे उबदार झाले की ती बिळांतून निघून पृष्ठभागाकडे पोहू लागतात आणि तेथे कात टाकून पंख पसरतात. पंख फुटलेल्या कीटकाला खाण्याजोगे तोंडच नसते. एक-दोन दिवसांत प्रजननाचे कार्य उरकून तो मरतो. ही उड्डाणे कधी कधी इतकी दाट असतात की जुलै २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथील हवामान खात्याच्या रडारवर मिसिसिपी नदीवरून उठलेला असा थवा पावसाच्या ढगासारखा उमटला होता. गाळातून वर निघालेली ही पिले लहान मासे खातात, लहान माशांमागे पर्च येतात, आणि वॉलआय दोघांनाही खातो. म्हणून जूनमध्ये गाळाच्या पठारांवर त्याची गर्दी होते.

मात्र तो पठारभर सारखा पसरलेला नसतो. पठाराचा सपाट माथा जेथे संपतो आणि उतार सुरू होतो त्या कडेवर, आणि त्यातही ती कड जेथे आत वळते किंवा बाहेर डोकावते तेथे, तो अधिक आढळतो. शेत आणि रान यांच्या बांधावर कोल्हा का फिरतो, याचे जे उत्तर तेच याचेही. एका बाजूला अन्न, दुसऱ्या बाजूला आडोसा. पाऊल कोणत्याही बाजूला टाकावे. दुपारी ऊन चढले की उताराने खाली सरकावे, सांज झाली की माथ्यावर चढावे. वारा सुटून पृष्ठभागावर लाटा उठल्या म्हणजे प्रकाश फुटतो, खाली कमी पोहोचतो, आणि मासा दिवसाही वर येतो. त्यामुळे इतर नौकाविहारी ज्या वाऱ्याला कंटाळतात त्याची वॉलआयचा शिकारी वाट पाहतो.

न दिसणाऱ्या या तळाचे वाचन करण्याची विद्या तशी अलीकडची आहे. पूर्वीचे कोळी दोरीला शिसे बांधून खोली मोजत आणि काठावरची दोन-दोन झाडे वा घरे एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवीत. विसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्थ कॅरोलायनातील बक पेरी यांनी या अनुभवाला शास्त्राची शिस्त दिली. माशाचे घर खोल पाण्यात असते आणि तो तळाच्या चढउतारांच्या वाटेने उथळात येजा करतो, म्हणून मासा शोधण्याआधी तळ शोधा, अशी त्यांची शिकवण होती. त्याच सुमारास, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, कार्ल लॉरन्स आणि त्यांच्या पुत्रांनी लहान होडीत ठेवता येईल असे ध्वनिशोधक यंत्र बाजारात आणले. युद्धकाळात पाणबुड्या शोधण्यासाठी वापरलेले तत्त्व असे मासे शोधण्याच्या कामी आले. होडीच्या तळातून ध्वनीचा एक स्पंद खाली सोडावयाचा आणि तळावरून परतणारा प्रतिध्वनी ऐकावयाचा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ४,८०० फूट जातो. म्हणजे २४ फूट खोलीचा निरोप सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. आज त्याला उपग्रहांच्या साहाय्याने जागा सांगणाऱ्या यंत्राची आणि तयार नकाशांची जोड मिळाली आहे. निर्जन पाण्याच्या मध्यावर आमच्या वाटाड्यांनी यंत्र बंद केले ते या नकाशाकडे पाहूनच.

त्यानंतरचे काम मात्र हाताचे आहे. दोरीत शिशाचा भार असा ओवलेला असतो की दोरी त्यातून मोकळी सरकावी. भार तळाला टेकून चालतो, आणि त्याच्या मागे काही फुटांवर गळाला लावलेली जळू किंवा गांडूळ तरंगत येते. माशाने आमिष तोंडात धरले की दोरी सोडून द्यावयाची; त्याला भाराचे ओझे जाणवत नाही. क्षणभर थांबून मग काठी उचलावयाची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातील लिंडनर बंधूंनी ही रचना लोकप्रिय केली. होडी वाऱ्याबरोबर हळूहळू पठाराच्या कडेने वाहू द्यावी. भार मऊ गाळावरून सरकतो आहे की गोट्यांवर खडखडतो आहे, हे दोरीवरच्या एका बोटाला कळते. आमचे वाटाडे डोळे मिटून बसल्यासारखे दिसत. पण “आता कड आली,” असे ते म्हणत तेव्हा यंत्रावरही कड दिसत असे.

येथवर सारे सुखाचे आहे. परंतु या विद्येची दुसरी बाजू मला दोन दिवसांनी, उत्तरेकडील एका खडकाळ आणि पुष्कळ खोल सरोवरावर पाहावयास मिळाली. तेथे यंत्राच्या पडद्यावर पंचेचाळीस फुटांवरील एका उंचवट्यालगत माशांच्या ठळक खुणा दिसल्या. भाच्याने गळ सोडला आणि थोड्याच वेळात एक सुरेख वॉलआय वर आणला. त्या सरोवराच्या नियमाप्रमाणे तेवढ्या लांबीचा मासा परत सोडणे भाग होते. पण सोडलेला मासा खाली जाईना. त्याचे पोट फुगले होते, डोळे बाहेर आले होते; तो कुशीवर पडून पृष्ठभागावर तरंगत राहिला. वर एक समुद्रपक्षी घिरट्या घालू लागला. भाच्याचा चेहरा उतरला. वाटाडे काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही गळ गुंडाळले आणि होडी उथळ पाण्याकडे वळविली.

असे का झाले? बहुतेक माशांच्या शरीरात वायूने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर श्रमावाचून राहू शकतो. काही जातींत या पिशवीची नळी अन्नमार्गाला जोडलेली असते आणि ते मासे तोंडावाटे वायू सोडू शकतात. वॉलआयची पिशवी मात्र बंद असते. तिच्यातील वायू कमीअधिक करावयाचा तो रक्ताच्या द्वारे, हळूहळू, काही तासांच्या अवधीत. आता गोड्या पाण्यात सुमारे ३४ फूट खाली गेले की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे राहणारा मासा अर्ध्या मिनिटात वर ओढला की त्याच्या वाताशयातील वायू दुप्पट जागा मागू लागतो. ती जागा शरीरात नसते. मग आतील अवयव दाबले जातात, रक्तवाहिन्या फुटतात, कधी जठर तोंडावाटे बाहेर येते. मासा शेपटी मारून खाली गेला तरी तो वाचलाच असे म्हणता येत नाही.

यात एक विलक्षण योगायोग आहे. पाण्यात ध्वनी सोडला असता माशाच्या मांसावरून तो फारसा परतत नाही. ठळक प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः या वायूच्या पिशवीवरून. म्हणजे जी पिशवी आपल्याला माशाचा पत्ता सांगते, तीच खोलातून वर ओढल्यावर त्याच्या मृत्यूला कारण होते. म्हणूनच मासा परत सोडावयाचा असेल तर तीस फुटांपलीकडे गळ टाकू नये, असे तेथील मत्स्यतज्ज्ञ सांगतात. उष्णतेचेही तसेच आहे. मिल लॅक्सवर झालेल्या संशोधनात असे दिसून आले की थंड पाण्यात पकडून सोडलेले बहुतेक मासे जगतात. पण पाणी वीस अंशांपलीकडे तापले, किंवा गळ घशात खोल रुतला, तर मरणारांची संख्या वाढते. जून हा नेमका या दोन अवस्थांमधला महिना आहे. त्याच्या आरंभी सोडलेला मासा आणि जुलैच्या मध्यास सोडलेला मासा यांचे भवितव्य सारखे नसते.

एखाददुसऱ्या माशाची ही हळहळ वाटेल. पण मिल लॅक्सवर तिने मोठे रूप धारण केले. १८३७ साली ओजिब्वे लोकांनी अमेरिकन सरकारशी तह करून आपली भूमी दिली, परंतु तेथे शिकार व मासेमारी करण्याचा अधिकार राखून ठेवला. पुढे दीर्घकाळ राज्याने तो मानला नाही. १९९० साली मिल लॅक्स येथील ओजिब्वे समाज न्यायालयात गेला, आणि १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो अधिकार अबाधित असल्याचा निर्णय दिला. तेव्हापासून त्या सरोवरातून दरवर्षी किती पौंड वॉलआय काढणे सुरक्षित आहे हे ठरवून त्याचे राज्य आणि आठ ओजिब्वे समाज यांच्यात वाटे केले जातात.

याच काळात सरोवर स्वतः बदलत होते. पाणी पूर्वीपेक्षा नितळ झाले. २००५ साली परदेशातून आलेले झेब्रा शिंपले आढळले. ते पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळून खातात आणि पाणी आणखी नितळ करतात. २००९ साली प्लवकांवर जगणारी काटेरी पाणपिसूही आली. उन्हाळे तापू लागले, थंड पाण्यात राहणारे टुलिबी मासे घटले. अंड्यांतून पिले पुरेशी निघत. पण ती मोठी होईपर्यंत टिकत ना. काठावर ओजिब्वे लोकांच्या जाळ्यांना दोष देण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु तज्ज्ञांच्या पाहणीत मुख्य अडचण दिसली ती पिलांच्या जगण्याची, आणि त्यांना खाणारांत मोठे वॉलआयदेखील होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे सूत्र आणखी स्पष्ट केले: वॉलआयला मानवेल असा प्रकाश आणि अशी उष्णता ज्या पाण्यात एकत्र असतात ते क्षेत्र आकसले, की सरोवरातून सुरक्षितपणे काढता येणारा वाटाही आकसतो. मासा कोठे सापडेल हे सांगणाऱ्या दोन गोष्टीच किती मासे घ्यावेत हेही सांगू लागल्या!

२०१५ साली ऑगस्टच्या आरंभीच मिल लॅक्सवरील वॉलआयची मासेमारी थांबवावी लागली, कारण राज्याचा वाटा संपला होता. २०१६ साली एकही वॉलआय घरी नेऊ नये, पकडलेला प्रत्येक मासा परत सोडावा, असा नियम झाला. राज्याचा वाटा होता २८,६०० पौंड. वरवर पाहता, जेथे कोणी मासा नेतच नाही तेथे वाटा संपण्याचे कारण काय? पण सोडलेल्या माशांपैकी जे मरतात त्यांचे अंदाजलेले वजनही हिशेबात धरले जाते. आणि त्या उन्हाळ्यात केवळ अशा मृत्यूंनीच तो वाटा ओलांडला. एवढे वॉलआय कोणाच्याही ताटात न जाता गेले. पुढील वर्षांत मोजके मासे नेण्याची परवानगी टप्प्याटप्प्याने पुन्हा मिळू लागली, आणि नियम दरवर्षी नव्याने ठरतात.

तेव्हा आपल्यापैकी कोणाचा पुत्र, कन्या वा भाचा त्या प्रदेशात असेल आणि जूनमध्ये आपणांस सरोवरावर नेईल, तर होडीत बसण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या वर्षीचा नियम काय? आज पाण्याचे तापमान किती? आणि आपण किती खोलीवर गळ सोडणार आहोत? मासा खाण्यासाठी न्यावयाचा असेल आणि नियम परवानगी देत असेल, तर ठरलेले मासे मिळताच गळ गुंडाळावा. सोडावयाचा असेल तर ओल्या हाताने धरावा, पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये, गळ खोल रुतला असेल तर ओढाताण न करता दोरी कापावी. आणि तीस फुटांखाली पडद्यावर कितीही ठळक खुणा दिसल्या, तरी त्या पाहून आनंद मानावा व पुढे जावे.

त्या दिवशी उथळ पाण्यात आल्यावर आम्हांला संध्याकाळपर्यंत एकच वॉलआय मिळाला. तो अठरा फुटांवर लागला होता. भाच्याने तो पाण्यातच धरून गळ सोडविला आणि हात उघडले. शेपटीचा पांढरा ठिपका एकदा चमकला आणि मासा सरळ खाली, आपल्या डोंगराच्या दिशेने, निघून गेला. वाटाडे त्या दिवशी प्रथमच हसले.